पावसाचा खाडा कोणाच्या नावे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अवकाळी पावसाने द्राक्षबागांच्या केलेल्या नुकसानीवर आपल्या दैनिकात आलेला मजकूर मी दोनदा वाचला. एकदा निफाड तालुक्यातील एका बागायतदाराच्या घरातली बाई म्हणून आणि दुसऱ्यांदा मानवशास्त्राची अभ्यासक म्हणून. पहिल्या वाचनात त्यातले बहुतेक सगळे पटले. फवारणीचा वाढता खर्च, थकलेली कर्जे, माल उचलून पैसे न देता पसार होणारे व्यापारी, हे सारे आमच्या घरात रोज जेवताना बोलले जाते. दुसऱ्या वाचनात मात्र लक्षात आले, की एवढ्या मोठ्या मजकुरात मजुरांचा उल्लेख एकदाच येतो, आणि तोही 'मजूर मिळत नाहीत' या तक्रारीत. ज्यांच्या हातांवर ही बाग उभी असते त्यांचे पावसाने काय होते, हा प्रश्न त्यात नव्हता. त्याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही, कारण स्वतः त्यांच्या मागे हिंडू लागेपर्यंत तो मलाही पडला नव्हता.

सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून दिवाळीनंतर निफाड, दिंडोरी, चांदवडकडे येणाऱ्या आदिवासी टोळ्यांबरोबर मी काही हंगाम क्षेत्रीय अभ्यास केला. मानवशास्त्रात याला एथ्नोग्राफी म्हणतात, पण करायचे असते ते अगदी साधे: प्रश्नावली घरी ठेवायची, माणसांबरोबर राहायचे, ती करतात ते काम जमेल तितके आपणही करायचे आणि संध्याकाळी सगळे लिहून काढायचे. या पद्धतीने राज्याची आकडेवारी हाती येत नाही, हा तिच्यावरचा आक्षेप मला मान्य आहे; पण आकडेवारी ज्या प्रश्नांतून जमते ते प्रश्नच चुकलेले असू शकतात, हे कळायला दुसरी वाटही नाही. एप्रिलमध्ये गावी परतलेल्या बाईला 'किती दिवस काम मिळाले' असे विचारले, तर 'होळीपर्यंत केलं' एवढेच उत्तर मिळते. त्यातले किती दिवस दुपारी तीनला आभाळ भरून आल्यामुळे अर्धेच भरले, किती दिवस शेडमध्ये बसून गेले, हे त्या दिवशी तिथे बसलेल्यालाच दिसते. आणि 'तुमचं नुकसान किती झालं?' या प्रश्नाला तर मला पहिल्या वर्षी सगळीकडे एकच उत्तर मिळाले: 'आमचं काय नुकसान, बाग तर शेठची.'

द्राक्षाचे काम ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरभर बागेत साडेनऊशेच्या वर वेली बसतात. वेलीला तीस-पस्तीस घड धरले तरी एकरी तीस हजार घड होतात, आणि या प्रत्येक घडाला हंगामात अनेकदा माणसाचा हात लागतो. फळ धरण्यासाठी सहसा ऑक्टोबरच्या सुमारास घेतात त्या गोडी छाटणीनंतर डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर पेस्ट लावायची, मग फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या नको त्या फुटी, काढायच्या, शेंडा मारायचा, घड दिसू लागले की मगमध्ये जीएचे (जिबरेलिक अ‍ॅसिड या संजीवकाचे) द्रावण घेऊन एकेक घड त्यात बुडवायचा, याला डिपिंग म्हणतात, मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की कात्रीने विरळणी करायची, मग पुन्हा डिपिंग, निर्यातीचा माल असेल तर कागद लावायचे आणि शेवटी तोडणी. डिपिंगला हात सतत डोक्याच्या वर असतो, त्यामुळे घडावरून निथळणारे द्रावण मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून काखेत उतरते. विरळणीची कात्री बहुतेक बायका स्वतःची आणतात. तिच्या कडीला चिंधी गुंडाळलेली असते, कारण दिवसभर तीच क्रिया केली की अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलते. मी चार दिवस विरळणी केली. पाचव्या दिवशी मला पेन धरता येईना, आणि माझ्या ओळीतले मणी तर सगळेच पुन्हा कातरावे लागले. अकुशल मजूर हा शब्द त्यानंतर मी माझ्या लिखाणातून काढून टाकला.

ही कामे तारखेने बांधलेली असतात. डिपिंग दोन दिवस उशिरा झाले तर मण्याला लांबी येत नाही आणि विरळणी आठवडाभर लांबली तर घड गच्च होऊन आतून कुजतो. म्हणूनच टोळीशी एकरावर उक्ता सौदा होतो आणि टोळीही एका बागेतून दुसऱ्या बागेत कधी शिरायचे, हे छाटणीच्या तारखांवरून आधीच जुळवून ठेवते. पाऊस मोडतो तो नेमका हा जुळवलेला क्रम.

२०२५ चेच उदाहरण घ्या. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने ठाण मांडले आणि मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्या तयार होण्यासाठी केलेल्या छाटणीनंतर, साधारण दीड-दोन महिन्यांत काडीतल्या डोळ्यामध्ये पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो आणि त्याला ऊन लागते. त्या काळात आभाळ झाकलेले राहिले, मुळाशी पाणी साचले, तर डोळा वांझ निघतो किंवा निघालेला घड जिरून त्याची बाळी, म्हणजे नुसता ताणा, होते. बागायतदाराला हे ऑक्टोबरमध्ये छाटणी केल्यावर, फूट निघाल्यावर दिसते. तोपर्यंत टोळीचा सौदा झालेला असतो आणि काहींनी उचलही घेतलेली असते. घडच नसलेल्या बागेत डिपिंग नाही, विरळणी नाही, तोडणी नाही. म्हणजे मे महिन्यातल्या ढगांनी डिसेंबरमधली मजुरी नेली, आणि ती नेल्याची खबर सुरगाण्यातल्या पाड्यावर सात महिन्यांनी पोहोचली. हवामानबदलाचा परिणाम म्हणून आपण सहसा पुराचे किंवा गारांचे छायाचित्र छापतो, परंतु सात महिने उशिरा पोहोचणाऱ्या अशा नुकसानीचे छायाचित्र काय काढणार?

गारांचेही सांगते. २६ नोव्हेंबर २०२३ च्या त्या रविवारी दुपारनंतर निफाड आणि आसपासच्या भागात गारपीट झाली, तेव्हा आमच्या बागेत चौदा जणांची एक टोळी विरळणीला होती. त्यांचे बिऱ्हाड बागेच्या कडेला, पाण्याच्या मोटारीच्या खोलीला टेकवून प्लास्टिकच्या कागदाने उभारलेले होते. ते पहिल्या काही मिनिटांतच गेले. सगळी माणसे आमच्या शेडमध्ये आली, फवारणीच्या ट्रॅक्टरच्या बाजूला दाटीने उभी राहिली आणि पत्र्यावरच्या आवाजात कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येत नव्हते. गारा थांबल्यावर सासरे बागेत गेले आणि पहिल्या ओळीतच खाली बसले. खाली पानांचा, कोवळ्या काड्यांचा आणि हिरव्या मण्यांचा घोट्याएवढा थर होता आणि कातरलेल्या पाल्याचा उग्र वास येत होता. दोन बायका चिखलात वाकून आपापल्या कात्र्या शोधत होत्या. त्याच रात्री टोळीतल्या एकाला गावाकडून फोन आला, की खळ्यावर पडलेली नागली भिजली आणि भाताचे उडवेही वाचले नाहीत.

पंचनाम्यासाठी माणसे आली ती काही दिवसांनी. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी लिहून घेतली गेली, कारण मदत मिळायला नुकसान तेहतीस टक्क्यांहून अधिक असावे लागते. तोपर्यंत टोळी निघून गेली होती. जाताना टोळीतल्या एका मुलीने, जी सातवीत शाळा सोडून आलेली होती आणि सगळ्यांचा हिशेब ठेवायची, मला वही दाखवली. हजर असेल त्याच्या नावापुढे ती फुली करायची आणि खाडा असेल तर गोल. पण पाऊस असेल त्या दिवशी काय लिहायचे, हा तिचा प्रश्न होता. आजारी पडलेल्याचा आणि कामावर न आलेल्याचा गोल एकच, पण इथे तर चौदाही जण हजर होते आणि कामच नव्हते. तिने अखेर त्या रकान्यांत गोल न करता आडवे 'गारा' असे लिहिले. आमच्या घरच्या वहीत मात्र ते दिवस कोरे आहेत. खाडा या शब्दात माणसाने काम चुकवल्याचा जो वास आहे, तो पावसाच्या खाड्यालाही चिकटतो, आणि त्या दिवसांची मजुरी बागायतदार देत नाही, सरकार देत नाही, विमा कंपनी देत नाही. बागायतदाराने का द्यावी, त्याचेच कंबरडे मोडले आहे, हा युक्तिवाद मी घरात ऐकला आहे आणि तो खोटाही नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. आमच्याकडे या माणसांना सरसकट 'लेबर' म्हणतात. 'लेबर आलं का', 'लेबर कुठलं आहे' असे. पण मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो शेतकऱ्यांचा लाँग मार्च चालत गेला, त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीची माणसे मोठ्या संख्येने होती आणि साऱ्या देशाने त्यांना शेतकरी म्हणून पाहिले. ती शेतकरीच आहेत. भात, नागली, वरई, खुरासणी पिकवतात. जमीन डोंगरउताराची असते, अनेकांकडे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेले किंवा अजून न मिळालेले पट्टे असतात. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि होळीपासून हंडाभर पाण्यासाठी वणवण, अशा गावांत दुसरे पीक निघत नाही, म्हणून दिवाळीनंतर ते जगायला जातात. हा त्यांचाच शब्द. त्यामुळे अवकाळी पाऊस त्यांना दोन ठिकाणी गाठतो, वर खळ्यावर आणि खाली बागेत, आणि नेमके त्याच वेळी ते घरी नसल्याने वरच्या नुकसानीचा पंचनामा करून घ्यायलाही कोणी नसते. घरी असतात त्या म्हाताऱ्या माणसांकडे ना मोबाइलवर पीक पाहणी नोंदवलेली असते, ना पट्ट्याचा कागद हाताशी असतो.

आता द्राक्षाच्या साखळीकडे येते, कारण माझ्या मते खरी विसंगती तिथे आहे. २००६ पासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षासाठी अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ग्रेपनेट ही प्रणाली आहे. रॉटरडॅमला उतरलेल्या पेटीवरच्या क्रमांकावरून ती पेटी कोणत्या गावातल्या कोणत्या बागेतली, तिचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेने तपासला, हे शोधता येते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडल्याने युरोपात आपले कंटेनर अडकले आणि कित्येक बागायतदार कर्जात बुडाले, तेव्हापासून उर्वरित अंशाच्या बाबतीत आमच्याकडे कोणी हयगय करत नाही. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, हे अंगठाबहाद्दर बागायतदारालाही तोंडपाठ असते. पण काही औषधांच्या वेष्टनासोबत येणाऱ्या पत्रकात फवारणीनंतर किती वेळ बागेत माणसाने शिरायचे नाही, याबद्दलही सूचना असते. ती कोणाला पाठ असल्याचे मी पाहिले नाही, आमच्या घरातही नाही. मण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. विरळणी करणाऱ्या बाईच्या हाताचा नमुना कोणी मागत नाही. कोरड्या वर्षी याचा फारसा प्रश्न येत नाही, कारण दोन फवारण्यांत अंतर असते. पावसाळी हवेत मात्र डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने सकाळी फवारणी, दुपारी पाऊस, संध्याकाळी पुन्हा फवारणी असे चालते, आणि मागे राहिलेली विरळणी उरकायची म्हणून टोळी ओल्या पानांखालीच उभी असते. त्या आठवड्यात बायकांच्या हातांना, मानेला येणारी खाज आणि पुरळ त्या 'औषध लागलं' एवढ्यावर सोडून देतात आणि रात्री खोबरेल लावतात. हवामान बदलले की औषधाचे वेळापत्रक बदलते, आणि औषधाचे वेळापत्रक बदलले की कोणाच्या तरी कातडीवर त्याची नोंद होते, ही साखळी ग्रेपनेटमध्ये दिसत नाही.

पावसाने मजुराचे नेहमी नुकसानच होते, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे लिहिले तर माझ्याच टिपणवह्या मला खोटे पाडतील. हलक्या पावसानंतर कुजलेले मणी काढायला सगळ्यांना एकाच वेळी माणसे हवी असतात, तेव्हा भाव चढतो आणि हुशार मुकादम त्या चार-सहा दिवसांत बरे कमावतो. 'मजूर मिळत नाहीत' ही आपल्या मजकुरातली तक्रार बहुधा अशाच आठवड्यातली असावी. शिवाय बागलाण, देवळा, कळवणकडचे बागायतदार लवकर छाटण्या घेऊन पावसाचा जुगार खेळतात, कारण डिसेंबरात बाजारात आलेल्या द्राक्षाला भाव असतो. त्यामुळे काही टोळ्या आता दिवाळीची वाट न पाहता भाताची लावणी उरकून लगेच बाहेर पडतात. काम वाढले, हे खरे. पण घरची निंदणी कोणी करायची, हा प्रश्न त्यातून निघाला, आणि तो बहुतेक घरांत थोरल्या मुलीच्या वाट्याला आला. प्लास्टिकच्या आच्छादनाचे अनुदान, नवी वाणे, हवामान केंद्रे यांबद्दल भरपूर लिहिले जाते, ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. आच्छादनाखालची बाग दुपारी किती तापते, हे त्यात काम करणाऱ्याला विचारावे, एवढेच.

करता येण्यासारखे काय आहे, याबद्दल माझे मत असे. फळपिकांसाठी हवामानावर आधारित विमा योजना आपल्याकडे आहेच. महसूल मंडळातल्या केंद्रावर ठरलेल्या काळात ठरलेल्यापेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला, की बागायतदाराला भरपाई देय होते; कोणाचा घड किती कुजला, हे पाहावे लागत नाही. तोच पाऊस, तेच केंद्र आणि तोच आकडा धरून त्या मंडळात काम करणाऱ्या नोंदीत मजुरालाही बुडालेल्या दिवसांचे पैसे का मिळू नयेत? ही कल्पना हवेतली नाही. सेवा या असंघटित स्त्री-कामगारांच्या संघटनेने २०२३ पासून उष्णतेसाठी असाच विमा सुरू केला, आणि तापमान ठरलेल्या मर्यादेपुढे गेल्यावर २०२४ च्या उन्हाळ्यात सभासद बायकांच्या खात्यांत थेट पैसे जमा झाले. रक्कम थोडी होती, पण ती मागायला कोणाच्या दारात जावे लागले नाही.

अडचण आहे ती नोंदीची. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. सुरगाण्याहून निफाडला आलेला माणूस जिल्हाही ओलांडत नाही, त्यामुळे कायद्याच्या भाषेत तो कुठे गेलेलाच नसतो. ऊसतोड कामगारांसाठी निदान स्वतंत्र महामंडळ झाले आणि गाळपाच्या टनामागे निधी उभा करण्याची सोय झाली, कारण तिथे कारखाना नावाचे एक ठिकाण आहे जिथे बोट ठेवता येते. द्राक्षात हजारो बागायतदार आहेत आणि प्रत्येकाकडे टोळी दहा-पंधरा दिवसांचीच असते. पण निर्यातीच्या पेटीवर मात्र बोट ठेवता येते, तिचा प्रत्येक तपशील संगणकात आहे. बागेच्या त्याच नोंदीत टोळी कोणत्या गावची, माणसे किती, दिवस किती एवढे तीन रकाने वाढवले, तर बागायतदाराचे काही बिघडणार नाही आणि पेटीमागे चार-आठ आणे बाजूला काढायचे ठरले, तर तो भार परदेशातल्या दुकानदाराने उचलावा, असे म्हणायला आपल्याला आधार मिळेल. आमच्या बागायतदार मंडळींना हे वाचून राग येईल, याची मला कल्पना आहे. घरातही आला. सासऱ्यांचे म्हणणे असे, की आधी आमच्या मालाला भाव मिळू दे, मग लेबरचे बघू. मला वाटते, ही दोन्ही भांडणे एकाच दुकानदाराशी आहेत.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. पुढच्या खेपेस अवकाळीची बातमी करायला आपला बातमीदार येईल तेव्हा बांधावर फुटलेल्या मण्यांचे छायाचित्र घेऊन झाल्यावर त्याने बागेच्या मागच्या बाजूला, मोटारीच्या खोलीकडे जावे. आणि पावसाचीच वाट न पाहता आला तर अधिक बरे. गोडी छाटणी सुरू झाली की वणीकडून पिंपळगावकडे येणाऱ्या रस्त्यावर सकाळी साडेसहा-सातला माणसांनी भरलेल्या पिकअप दिसू लागतात. कोणत्याही एका गाडीत ड्रायव्हरला विचारून मागे बसता येते. बायका सरकून जागा देतात. कात्री आणली आहे का, असे मात्र नक्की विचारतील.

कळावे,

आपली एक वाचक,
निफाड तालुका, जि. नाशिक